कापूस वेचणाऱ्या हातांची द्राक्षं

"आदिलाबादला काय आहे बघायला?" हा प्रश्न निघण्याआधी मला निदान दहा जणांनी विचारला. मी "द्राक्षं" म्हटल्यावर दहाही जणांनी माझ्याकडे काळजीनं बघितलं. नाशिकच्या बाईनं द्राक्षं बघायला रात्रभराचा प्रवास करून तेलंगणात जायचं, हे काही कुणाच्या गळी उतरेना. माझ्या धाकट्या जावेनं तर "वहिनी, तब्येत बरी आहे ना?" असंही विचारून घेतलं.

तब्येत बरी होती. फोन आला होता वसंताचा. वसंता आमच्या वायनरीत बरीच वर्षं होता. मी टाक्यांचं काम बघते, म्हणजे द्राक्ष आत आल्यापासून वाइन बाटलीत जाईपर्यंतचं सगळं. तो माझ्या हाताखाली टाक्या धुण्यापासून शिकत शिकत वर आला. मग एक दिवस नोकरी सोडून आपल्या गावी गेला. गाव भीमपूरच्या पुढे, पैनगंगेच्या अंगाला. पलीकडच्या काठावर महाराष्ट्र, अलीकडे तेलंगणा, आणि दोन्हीकडे कापूस. तिथे त्यानं वाइनच्या द्राक्षांच्या वेली लावल्या, परवान्यासाठी हेलपाटे घातले आणि एक छोटी शेड बांधली.

"मॅडम, यंदा पहिली तोड हाय. तुमी याच," तो फोनवर म्हणाला.

"काही अडलंय का?"

"अडलं नाही. पन रेखानं मले एकच हंगाम देल्ला हाय. हंगाम संपल्यावर ती नाही म्हनली तर येली उपटून पुन्हा कापूस लावीन, असा शब्द देऊन बसलो."

रेखा ही त्याची बायको. गावातली गुडुंब्याची, म्हणजे गुळापासून चोरून काढायच्या दारूची, भट्टी ज्या बायकांनी बंद पाडली त्यांच्यात ती सगळ्यात पुढे होती. आणि आता तिच्याच घरात वाइन. वसंता म्हणायचा, वाइन म्हणजे फळाचा रस, दारू वेगळी. ती म्हणायची, ज्यानं माणूस झुलतो ती दारू. खरं सांगायचं तर मला तिचा थोडा रागच आला होता. ज्या कामावर माझं आयुष्य उभं आहे, त्याचा निकाल एक हंगाम बघून लावणारी ही कोण? हा राग सामानात घालूनच मी निघाले.

नाशिकहून आदिलाबादला थेट गाडी आहे. संध्याकाळनंतर बसायचं, नांदेड झोपेत जातं आणि सकाळी किनवटच्या आसपास जाग आली की खिडकीशी बसायचं. फेब्रुवारीच्या शेवटी गेलात तर डोंगरात पळस फुललेला दिसेल. स्लीपरचं आरक्षण आधी करा, ऐन वेळी मिळत नाही. मी वरचा बर्थ घेतला आणि पळसाचा निम्मा डोंगर माझ्या खालच्या काकूंच्या अंबाड्यामागे गेला.

आदिलाबादला उतरलात की भाजीबाजारात जरूर जा. एका मराठी भाजीवाल्या बाईनं माझ्यासमोर वांग्याचा भाव मराठीत सांगितला, गिऱ्हाइकाशी तेलुगूत घासाघीस केली आणि शेजारच्या टेंपोवाल्याशी हिंदीत भांडण उरकलं, तेही तराजू खाली न ठेवता. जवळच्या गाड्यावर गरम इडली आणि शेंगदाण्याची चटणी मिळाली, पन्नास रुपयांत पोट भरलं. बस स्टँडजवळ हजाराच्या आत साधी स्वच्छ खोली मिळते. भीमपूरला लॉज नाही, त्यामुळे मुक्काम इथेच करा, किंवा माझ्यासारखा कुणीतरी वसंता शोधा.

भीमपूरच्या बसमध्ये सगळ्या बायका आधार कार्ड दाखवून फुकट बसल्या होत्या. मीही ऐटीत कार्ड पुढे केलं. कंडक्टरनं ते उलटसुलट बघितलं.

"महाराष्ट्र? आपको टिकट लगेगा, अम्मा."

तिकिटापेक्षा अम्मा जास्त लागलं. शेजारची बाई पदराआड हसली आणि मला खिडकीची जागा दिली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाभळींच्या काट्यांना कापूस अडकलेला होता, गाड्यांवरून उडालेला. कापसाची शेवटची वेचणी चालू होती. वाकलेल्या बायका, कमरेला ओटीसारखं बांधलेलं फडकं, आणि दोन्ही हात बोंडांवर इतके भराभर चालणारे की बसमधून बोटं वेगळी दिसत नव्हती. मी कौतुकानं बघत बसले. पुढं काय होणार आहे याचा अंदाज मला तेव्हाच यायला हवा होता.

घरी वसंताची आई होती, तिला सगळे माय म्हणतात, आणि रेखा होती. रेखा बारीक अंगाची, कमी बोलणारी. तिनं ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी वाढली आणि माझं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिली. मग म्हणाली, "ताई, तोडाले बाया मी आनते. तसं कबूल केलं हाय. पन शेडच्या उंबऱ्याच्या आत माहा पाय पडनार नाही. तुमी वाईट वाटून घेऊ नका."

"मला कशाला वाईट वाटेल?" मी म्हटलं. वाटलं होतं.

बाग मात्र बघण्यासारखी होती. वसंतानं काळी कसदार जमीन कापसाला ठेवली होती आणि नाल्यापलीकडच्या बरड उतारावर वेली लावल्या होत्या. घरचे त्याला हसले होते. पण वेलीला फार लाड झाले की ती नुसती पानं काढते, हे तो नाशिकला शिकला होता. आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते, उन्हाळ्यात काडी तयार होण्यासाठी आणि दिवाळीच्या सुमाराला फळासाठी. ती दोन्ही त्यानं स्वतःच्या हातानं केली होती. त्याची सगळी भिस्त इथल्या थंडीवर होती. हिवाळ्यात आदिलाबादेत हाडं गोठवणारी रात्र पडते आणि त्या थंडीनं द्राक्षाचा आंबटपणा टिकतो. पण दुपारचं ऊनही तसंच कडक. त्यामुळे एकेका घडात काळेभोर मणी आणि त्यांच्यातच हिरवट-लाल कच्चे मणी, असं झालं होतं.

मी गोडी मोजायच्या यंत्रात रस टाकून बघितला. चाखून बघितला. "उद्या पहाटे," मी म्हटलं. "जे घड बहुतेक काळे झालेत ते घ्यायचे. ऊन चढायच्या आत सगळं शेडमध्ये."

वाइनच्या द्राक्षाचं सगळं गणित या ऊन चढायच्या आत असतं. घड देठासकट, अखंड आणि गार असा आत आला पाहिजे. मणी फुटला की रस उघडा पडतो आणि हवेतले नको ते जीव त्यावर तुटून पडतात. मग वाइनऐवजी शिरका, म्हणजे व्हिनेगर, व्हायला वेळ लागत नाही.

सकाळी वसंता टेंपो घेऊन बर्फ आणायला आदिलाबादला गेला, कारण त्याचं थंडाव्याचं यंत्र दुपारी दम टाकायचं. मी शेडमध्ये टाक्या आणि नळ्या धूत होते. बागेच्या बांधावर क्रेट लावलेले होते आणि एका टोपलीत नव्या कोऱ्या कात्र्या. बायका रेखाबरोबर उजाडतानाच बागेत शिरल्याचं मी लांबून बघितलं होतं. मला वाटलं, वसंतानं सगळं सांगून ठेवलं असेल. वसंताला वाटलं, मॅडम आहेतच.

काम संपवून नाला ओलांडला तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती शांतता. द्राक्षतोडीला कात्र्यांचा एकसारखा कटकट आवाज असतो. इथे नुसत्या गप्पा. टोपलीतल्या कात्र्या जशाच्या तशा होत्या. बायकांच्या कमरेला फडकी बांधलेली होती आणि त्या वेलीवरच्या घडातून काळा झालेला एकेक मणी दोन बोटांनी खुडून ओटीत टाकत होत्या. कच्चे मणी घडाला तसेच. ओटी भरली की लिंबाच्या झाडाखाली पसरलेल्या जुन्या धोतरांवर ओतायची. आणि तिथे गिरजाबाई नावाची एक थोराड बाई, गाठोड्यावर गुडघा रोवून, अंगाचा भार देऊन, त्याची गाठ आवळत होती. कापसाच्या गाठोड्याची आवळतात तशी.

गाठोड्याखालची माती ओली आणि जांभळी झाली होती. मुंग्या लागल्या होत्या. मी तिथेच बांधावर बसले.

"काय झालं वो ताई?" गिरजाबाईनं विचारलं.

"अहो, अख्खा घड कापायचा. कात्रीनं."

"अख्खा?" तिचा माझ्यावर विश्वास बसेना. "अर्धा कच्चा हाय ना तो. कच्चं काऊन तोडाचं? चार दिसानं पुन्हा वेचू, तवा पिकते."

यात तिचं काय चुकलं होतं? जन्मभर तिनं हेच केलं. फुटलेलं बोंड वेचायचं, मिटलेलं ठेवायचं, चार दिवसांनी पुन्हा त्याच ओळीत यायचं. आणि गाठोडं सैल बांधलं तर कापूस मावत नाही. शेतात कैची नेऊन झाडाचा भाग कापणं तिच्या लेखी नासधूस होती. कुणी सांगितलं नाही तेव्हा तिचे हात जे जाणत होते ते त्यांनी केलं.

रेखा माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. "नासलं का?" तिनं हळू विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. माहीत होतं.

वसंता आला तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. टेंपोतून बर्फाचं पाणी गळत होतं. तो गाठोड्यांजवळ गेला, एकात हात घातला आणि मनगटापर्यंत रसानं माखलेला हात बाहेर काढला. सगळ्या बायका ओट्या तशाच धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता हा भडकणार. नाशिकला एकदा एका पोरानं नळी उघडी ठेवली होती, तेव्हा यानं आकाशपाताळ एक केलं होतं. त्यानं हात गवतावर पुसला.

"चूक माही हाय," तो म्हणाला. "कैच्या आनून ठेवल्या, पन कायले ते सांगतलं नाही. मजुरी पुरी भेटीन. उद्या मॅडम दाखवतीन, तसं करू."

मग धावपळ. गाठोडी शेडमध्ये नेली. रेखानंही दोन नेली, उंबऱ्यापर्यंत, आणि तिथे टेकवून परत फिरली. आम्ही तो माल लहान टाकीत घातला, नासू नये म्हणून गंधकयुक्त पूड टाकली, चहूबाजूंनी बर्फ लावला. मी वसंताला स्पष्ट सांगितलं की हे वाचलं तर नशीब. पिकलेल्या मालातला जवळजवळ निम्मा त्या टाकीत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे मी कात्री धरून दाखवलं आणि त्याच बायकांनी, एकही मणी न दुखवता, उरलेले घड कापून दिले. त्या मालाची दुसरी टाकी लागली. गिरजाबाई शेवटपर्यंत कच्चे मणी कापताना हळहळत होती.

रस आंबायला लागला की माणसाला फार काही करता येत नाही. म्हणून मी मधला दिवस उटनूरला जायचं ठरवलं, तर रेखा म्हणाली, मीही येते. तिथल्या बायका मोहफुलांचे लाडू करून विकतात, ते तिला आपल्या बचत गटासाठी बघायचे होते. आदिलाबादहून गुडिहतनूर, इंद्रवेल्ली करत बस जाते. इंद्रवेल्लीनंतर रस्ता जंगलात शिरतो. जाणार असाल तर सकाळची बस धरा आणि पाणी जवळ ठेवा. मोहाची फुलं नुकती पडायला लागली होती, झाडाखालची जमीन झाडून ठेवलेली दिसत होती.

लाडू खमंग होते, गूळ-शेंगदाण्याचे, मागून मोहाचा वास येणारे. लाडू देणाऱ्या गोंड बाईला रेखानं सरळच विचारलं, "तुमच्याकडं याची दारू बी काढतात ना?"

"काढतात," ती बाई म्हणाली. "देवापुढं ठेवतात. मंग पितात." आणि तिनं पुढच्या गिऱ्हाइकाचे लाडू मोजायला घेतले.

परतीच्या बसमध्ये रेखा खिडकीशी बसली. मग आपणहून बोलायला लागली. तिचा मोठा भाऊ गुडुंबा पिऊन गेला. हातपाय गार पडले, डोळ्यांसमोर अंधार आला आणि दवाखान्याच्या वाटेवरच संपला. "भट्टीवाला दहाव्याले आला होता जेवाले," ती म्हणाली. "म्हने, माल चांगला होता, यानंच जास्त पेल्ली. ताई, तुमी हे काम करता, तुमाले वास चांगला येत असन. मले त्या शेडमधून माह्या भावाचा वास येते."

मी वाइनबद्दल तासभर बोलू शकते. लोक पैसे भरून ऐकायला येतात. त्यातलं एकही वाक्य त्या बसमध्ये चालणारं नव्हतं, आणि नाशिकहून आणलेला रागही जाग्यावर नव्हता. मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडचं दार उघडताच नाकानं सांगितलं. लहान टाकीतून नेलपॉलिशसारखा वास येत होता आणि झाकणावर चिलटांचा थर बसला होता. मी पेल्यात थोडं काढून चाखलं आणि थुंकले. वसंतानंही चाखलं. नाशिकला असतो तर आम्ही एकमेकांकडे बघून नुसती मान हलवली असती. इथे तो खाली बसला.

बातमी गावात आधीच पसरली होती. थोड्या वेळानं लिंबाजी आला. हाच तो दहाव्याला जेवायला आलेला, ज्याची भट्टी बायकांनी बंद पाडली होती. तो दारात उभा राहिला, आत डोकावला आणि आपुलकीनं म्हणाला, "वसंता, सांडू नको बाप्पा. मी नेतो. पिनाऱ्याले वास समजत नाही. म्हनशीन ते देतो."

रेखा अंगणात भांडी घासत होती. तिचा हात थांबला. त्या टाकीत त्याच्या कित्येक वर्षांच्या कष्टाचा निम्मा भाग होता.

वसंतानं आबकारीच्या माणसाला फोन करून माल वाया गेल्याचं सांगितलं. मग उठून टाकीला नळी जोडली, दुसरं टोक शेडमागच्या शेणखताच्या खड्ड्यात सोडलं आणि तोटी पूर्ण उघडली. जांभळा फेस खड्ड्यात पसरत गेला. लिंबाजी "वेडा झाला का रे" म्हणत राहिला. वसंता टाकी रिकामी होईपर्यंत तिथेच उभा होता आणि त्याचे डोळे भरले होते. मी पुष्कळ वाइन होताना बघितली आहे, पण ती टाकी रिकामी होताना जेवढं वाईट वाटलं तेवढं कधी वाटलं नाही. अंगणातून पुन्हा भांड्यांचा आवाज यायला लागला.

दुसरी टाकी नीट चालली होती. तिच्यातून जांभळासारखा छान वास येत होता. ती कशी सांभाळायची ते वसंताला पुन्हा एकदा सांगून मी निघाले. रेखानं डब्यात भाकरी आणि लाडू बांधून दिले. निकालाचं ती काही बोलली नाही आणि मी विचारलं नाही. हंगाम अजून संपायचा होता.

घरी आल्यावर सगळ्यांनी विचारलं, काय बघितलंस? मी पळस सांगितला, उटनूरचं जंगल सांगितलं, अम्मा म्हणणारा कंडक्टर सांगितला. खड्ड्यातला तो फेस कुणाला सांगता आला नाही. कामावर टाक्यांमधून फिरताना मात्र तो सारखा आठवायचा. चांगली वाइन कशी करायची ते मला शिकवता येतं. वाईट झालेली कशी सोडायची, ते मी वसंताला शिकवलं होतं की तो आपल्या गावातूनच घेऊन आला होता, कोण जाणे.

आमच्याकडची उन्हाळी छाटणी उरकली होती तेव्हा फोन आला. नंबर वसंताचा, आवाज रेखाचा.

"ताई, दुसरी टाकी चांगली झाली म्हनतात. मी चाखली नाही. चाखनार बी नाही."

"बरं," मी म्हटलं. पुढचं विचारायचा धीर होत नव्हता.

"लिंबाजीनं उभ्या जन्मात काही सांडलं नाही, ताई. सडका गूळ बी भट्टीत घातला. माह्या भावाच्या पोटात गेलं ते बी त्याले सांडता आलं असतं. यायनं सांडलं. डोयात पानी होतं, पन सांडलं." मग म्हणाली, "गावात एक बाटली विकाची नाही, हे मी सांगून देल्लं. शेडची किल्ली माह्याकडं ठेवली हाय. सांज झाली की कुलूप मी लावते, उंबऱ्याच्या भाईरून."

मी फक्त "हो, हो" म्हणत राहिले.

"आन् गिरजाबाई इचारून राह्यली, पुढल्या साली कवा येता म्हनून. या. कैच्या मीच वाटीन, एकेकीच्या हातात."